बोर्डावरची भाकरी

शमीम, हॉटेलचा बोर्ड खाली उतरवलाय.

चुलीसमोरच्या भिंतीला टेकवून ठेवलाय. तू असतीस तर खिडकीतून आधी ओरडली असतीस, "वैनी, हाटेल इकलं का काय?" विकलेलं नाही. बोर्डाचा पत्रा गंजलाय, वरचा फ्लेक्स उन्हानं पांढरा पडलाय, म्हणून नवा करायचा आहे. सोपानशेठ म्हणाले, भाकरीचा फोटो तोच ठेवायचा, तो आपल्याला लाभलाय. फक्त खाली मोठ्या अक्षरांत घालायचं, 'मंगलताईंच्या हातची चुलीवरची भाकरी'. रविवारी छपाईला जाणार. नाव घालायचं की नाही ते मी शनिवारपर्यंत सांगायचं आहे. आज गुरुवार. आणि मला सांगता येत नाहीये.

तुला जाऊन सोळा दिवस झाले. या सोळा दिवसांत मी फार रडले असं काही नाही, खोटं कशाला सांगू. मातीच्या दिवशी तुमच्या खोलीत बायकांत बसले, पुरुष तुला घेऊन गेले, मी उठून चहा टाकला, कारण कुणीतरी टाकायला हवा होता. तिसऱ्या दिवसापासून कामावर गेले. दुपारी एक वाजता पार्सलच्या खिडकीकडे मान आपोआप वळायची, ती आता हळूहळू वळायची थांबतेय. हे असंच होतं, माझ्या आईच्या वेळीही असंच झालं होतं. मला वाटत होतं, मी यातून सरळ बाहेर पडेन.

आणि मग तो बोर्ड खाली आला.

नऊ वर्षं तो हॉटेलच्या माळवदावर, लांबून पौड रस्त्यावरच्या गाड्यांना दिसावा म्हणून उंच लावलेला. त्याच्या खालून मी रोज आत गेले. परवा पीठ मळता मळता समोर बघत होते, तर ती भाकरी पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांसमोर, पलंगाएवढी. भाकरी तव्यावर टाकली की आपण वरून पाण्याचा हात फिरवतो. त्या बोटांचे फराटे भाजल्यावरसुद्धा राहतात, बघणाऱ्याला दिसतात. माझे फराटे घड्याळाच्या काट्यांसारखे फिरतात. माझ्या आईचे, जावेचे, सगळ्यांचे तसेच. फोटोतले उलटे फिरलेत.

आधी वाटलं, छापणाऱ्यानं फोटो उलटा छापला असेल. मी हात धुतले, जवळ जाऊन बघितलं. फोटोत भाकरी स्टीलच्या ताटात आहे, आणि ताटाच्या काठावर कोरलेलं नाव सरळ वाचता येतं. 'सौ. मंगल यांस मामाकडून.' म्हणजे फोटो सुलटाच आहे. ताट माझं आहे. आणि भाकरीवर उलटा हात फिरवणारी माझ्या सगळ्या ओळखीत एकच बाई होती. खायची तेवढं उजव्या हातानं, बाकी सगळं डाव्या.

तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. सोपानशेठ गल्ल्यावरून ओरडले, "मंगलताई, वास येतोय!"

शमीम, ती भाकरी तुझी आहे. नऊ वर्षं मी ती माझी म्हणून मिरवली, आणि इतकी वर्षं तू तिच्याखाली स्कूटी लावून उभी राहिलीस. एका शब्दानं बोलली नाहीस.

मी माझ्या डोक्यात पुन्हा पुन्हा सगळं मांडून बघतेय. तूही बघ, कुठं चुकलं तर सांग. पूर्वी सांगायचीस तशी.

तुमचं पौडातलं बांगड्यांचं दुकान बसलं आणि तुम्ही भरे गावात, आमच्या मागच्या खोलीत राहायला आलात. पहिल्या दिवशी मी तुला वाटीभर आमटी दिली. तू वाटी परत आणलीस ती शेवया घालून. रिकामं भांडं परत करायचं नाही, हे तुझ्याही आईनं शिकवलेलं आणि माझ्याही. मग काय, तिथून पुढं कुणाचं भांडं कुणाकडे याला धरबंद राहिला नाही. माझा कुकर तुझ्याकडे, तुझं पातेलं माझ्याकडे. नावं घातलेली म्हणून बरं, असं आपण म्हणायचो, आणि नाव बघून परत मात्र कुणीच करायचं नाही, कारण परत करायचं तर आत काहीतरी घालायला लागायचं. आमचे हे चिडायचे. "आपल्या घरात जेवतोय का शमीमच्या, ते ताट उलटं केल्याशिवाय कळत न्हाई."

मग ह्यांच्या कंपनीचं गेट बंद झालं. भाड्याच्या तीनपैकी दोन खोल्या रिकाम्या पडल्या. तुमचंही धड चाललं नव्हतं. पौडच्या बाजारात तू ऐकून आलीस की रस्त्याला नवीन हॉटेल निघतंय आणि शेठला भाकरीला बाई पाहिजे. एकच. तू ते स्वतःपाशी ठेवू शकली असतीस. मी ठेवलं असतं का, हे मला आज विचारू नकोस.

"दोघी जाऊ वैनी," तू म्हणालीस. "जिला मिळंल तिला मिळंल. मागनं रुसायचं न्हाई."

सोपानशेठनी दोघींना दहा-दहा भाकरी करायला सांगितल्या. पीठ त्यांचं, ज्वारीचं. हॉटेल अजून उघडलं नव्हतं, भांडी यायची होती, म्हणून भाकरी ठेवायला आपापलं काहीतरी घेऊन या म्हणाले होते. मी दुरडी नेली होती, फडकं घालून. तू काय आणलंस ते मी बघितलंच नाही. दोन चुली, मध्ये वाऱ्याला आडोसा म्हणून पत्रा. पत्र्याच्या पलीकडून तुझ्या हाताचा आवाज येत होता, थपथप एकसारखी, आणि माझी दुसरीच भाकरी तव्यावर नेताना मोडली. मी तांदळाच्या मुलखातली. धरणाच्या अंगाला माझं माहेर, तिथं तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी, उकड काढून. ज्वारी माझ्या हाताला ठाऊक नव्हती. तू इंदापूरकडची. तुला झोपेतसुद्धा आली असती.

झाल्या तशा दहा झाल्या. शेठनी दोन्हीकडचं उचलून आत नेलं. आत त्यांचे वडील आणि गावातली चार माणसं ठेच्याबरोबर खाऊन बघणार होती, आणि बोर्डासाठी फोटोवालाही आला होता. धुरानं माझे डोळे चुरचुरत होते, मी नळावर तोंड धुवायला गेले. तू चुलीपाशीच उभी होतीस. शेठ बाहेर आले आणि मोठ्यानं म्हणाले, "मंगल कोण?"

मी नळावरूनच म्हणाले, "मी."

"उद्यापासनं या."

मी पदरानं तोंड पुसत आले, तर तू हसत होतीस. "मी म्हणलं नव्हतं? तुमालाच मिळंल."

एवढंच. त्यात दुसरं काही शोधावं असं मला कधी वाटलं नाही. पुढं बोर्ड लागला, त्यावर माझं ताट बघून मला एवढंच वाटलं, की ताट तुझ्याकडून आलं असणार आणि फोटोवाल्यानं माझी दुरडीतली भाकरी काढून त्यात मांडली असणार, दुरडीपेक्षा ताट चकचकीत दिसतं म्हणून. आपल्या सोयीचा अर्थ माणसाला किती लवकर सापडतो. सोपानशेठ गिऱ्हाइकांना बोर्ड दाखवून म्हणायचे, "हे काय, ताटावर नाव पण हाय बाईंचं," आणि मी पदर सारखा करायची.

पहिल्या दिवशीच खरं तर मला कळायला पाहिजे होतं. सोपानशेठनी अर्धी भाकरी तोडून तोंडात घातली आणि म्हणाले, "कालच्यावानी न्हाई झाली आज." मी म्हणाले, चूल नवीन आहे. घरी येऊन तुला सांगितलं, तर तू परात ओढलीस. "पाणी कोमट घ्या. पीठ जुनं असंल तर कडक घ्या. आन् वैनी, मळताना त्याच्याशी भांडू नगा." त्या आठवड्यात तू मला रोज शिकवलंस. आमच्या घरात सगळ्यांना ज्वारीची भाकरी नकोशी झाली. मला वाटलं, हरलेली असून शिकवते, मनानं मोठी आहे. मी तेव्हा असा विचार केला, हे आज लिहिताना माझे कान गरम होतात.

तू पुढं कुठं कुठं लागलीस. एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भाज्या चिरायला, मग लग्नाच्या कार्यालयात, तिथं पुरी लाटायला बोलावलं आणि पातेली घासायला लावलं. तू दोन दिवसांत सोडलंस. मग एक दिवस आमच्या खळ्यात कुणाची तरी स्कूटी घेऊन गोल गोल फिरताना दिसलीस. घरपोच जेवण नेऊन देणाऱ्या कंपनीत नाव नोंदवायचं होतं तुला. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. मी म्हणाले, पडशील, हाडं मोडशील, लोक हसतील. तू म्हणालीस, "हसूदेत की. जेवण गरम असलं की तोंड बंद हुतंय."

नोंदणीच्या ठिकाणची गोष्ट तू इतक्यांदा सांगितलीस की मला पाठ आहे. काउंटरवरचा तुला बघून म्हणाला, "मावशी, मुलाला स्वतःला यावं लागतं." तू म्हणालीस, "मुलगा न्हाई, मी." तो म्हणाला, "गाडी येते?" तू म्हणालीस, "उडत आले काय भऱ्यापासनं हितं?" टी-शर्ट दिला तो तुला कोपरापर्यंत यायचा. ड्रेसवरून तो, डोक्याला ओढणी, ओढणीवर हेल्मेट, पाठीवर ती चौकोनी पेटीएवढी पिशवी. आमचे हे म्हणायचे, "शमीम समोरनं आली की कपाट चालत आल्यागत दिसतंय."

भूगाव-भुकूमच्या नव्या सोसायट्यांमधून आमच्या हॉटेलला पार्सलच्या ऑर्डरी यायला लागल्या आणि रोज दुपारी तू आमच्या खिडकीत. तिथून आपलं खरं भांडण सुरू झालं.

"वैनी, आज कडा जाड."

"गिऱ्हाईक बोलत नाही, तू कशाला बोलतेस?"

"गिऱ्हाइकाला काय कळतंय? गोल दिसली की त्याचं झालं. मला कळतंय ना, मी वास घेत नेतीया."

आणि फॉइल. फॉइलवरून तू मला इतक्या वर्षांत किती छळलंस. भाकरी फॉइलमध्ये गुंडाळली की घामेजती, मरती, कागदात द्या. मी म्हणायची, कागदात गार होते. तू म्हणायचीस, गार झालेली चालती, मेलेली न्हाई. सोपानशेठनी फॉइलचा मोठा रोल आणून ठेवलेला, तो मी बदलायला सांगणार नव्हते. मग तू काय केलंस, पिशवीत घरून धुतलेलं फडकं आणायला लागलीस. खिडकीत उभी राहून फॉइल उघडायचीस, भाकरी फडक्यात, आणि सोसायटीच्या दारात पोचल्यावर परत फॉइलमध्ये. मला वाटायचं, ही बाई मला दाखवून देण्यासाठी करतेय. आता तेही नीट सांगता येत नाही, कारण तू तुझी भाकरी असती तर जशी नेली असतीस तशीच माझी नेलीस, एवढंच त्याचं कारण असू शकतं.

एका सोसायटीत रखवालदारानं तुला मागच्या लिफ्टनं जायला सांगितलं. तू विचारलंस, "का? पुढच्या लिफ्टला भाकरीचा वास लागतो का?" गेलीस मागच्याच लिफ्टनं. पण विचारलंस. तू सगळ्यांना सगळं विचारायचीस आणि सगळ्यांना सगळं सांगायचीस. म्हणून मला हे उमगत नाही, की हे एकच तू कसं नाही सांगितलंस.

हॉटेल वाढलं, दुसरी चूल पडली, तेव्हा मी शेठना म्हणाले, शमीमला घ्या. ते तयार झाले. मी मोठ्या आनंदानं तुला सांगायला आले. तू म्हणालीस, "न्हाई वैनी. मला एका जागी बसवत न्हाई आता. रस्त्याची सवय झाली." मला राग आला. मला वाटलं, माझ्या हाताखाली नको म्हणून नको म्हणतेय. पंधरा दिवस मी तुझ्याशी कामापुरतं बोलले. तू मात्र त्या पंधरा दिवसांतही खिडकीतून कडा जाड, पाणी कमी, आज बरी झाली, हे चालूच ठेवलंस.

आणि तो शेवटचा गुरुवार. तू भाकरी हातात तोलून म्हणालीस, "आज पाण्याचा हात नीट फिरला न्हाई." मी वैतागलेली, पाच पार्सलं अडलेली. मी म्हणाले, "परीक्षेत नापास झालेली बाई मला शिकवती."

तू मान वर करून बोर्डाकडे बघितलंस. आणि हसायला लागलीस. इतकी हसलीस की हेल्मेट काढलंस, ओढणीनं डोळे पुसलेस, परत बघितलंस, परत हसलीस. "लई भारी, वैनी. लई भारी." मलाही हसू आलं. मला वाटलं, माझा विनोद चांगला झाला.

रविवारी तुझ्या छातीत दुखायला लागलं. पित्त असेल म्हणून सोडा प्यायलीस. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

मी परवाच सोपानशेठना विचारलं. त्यांना फराट्यांचं काही बोलले नाही. सहज विचारल्यासारखं विचारलं, तेव्हा तुम्ही मलाच कसं घेतलं?

"आता म्हाताऱ्यानं ताट पुढं केलं, ह्या बाईला घ्या म्हणाला. नाव कुणाला ठावं हुतं? ताटावर वाचलं, मंगल. झालं."

"आणि दुसरीच्या? दुरडीतल्या?"

"त्या हुत्या व्हय... म्हातारा म्हणला, वातड हायेत. कुत्र्याला घाला." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "का वो?"

"काही नाही," मी म्हणाले.

यास्मिन काल माझी भांडी परत घेऊन आली. तुझी सून तुझ्यासारखी नाही, तिला घर मोकळं लागतं. अकरा भांडी निघाली, शमीम. वर ते ताट. रिकामं द्यायचं नाही म्हणून तिनं त्यात मूठभर साखर घातली होती. मी विचारलं, तुमच्या घरात ताटं किती आहेत? ती गोंधळली. म्हणाली, "पाच हायेत की, अम्मीच्या माहेरची. नाव घातलेली." म्हणजे तुझ्याकडे तुझी पाच होती. मग माझं का नेलंस? मुद्दाम? की नेहमीसारखं वर होतं ते ओढलंस? तू कधी मांडणीतलं खालचं भांडं काढलेलं मला आठवत नाही. तेव्हा ती चूकच असणार. चूक असेलच. पण शेठनी 'मंगल कोण' म्हटलं तेव्हा तर तुला कळलं होतं ना? नळावरून मी येईपर्यंत वीस पावलं होती. त्या वीस पावलांत तू काय ठरवलंस?

मी तुझी घरमालकीण म्हणून गप्प बसलीस का? तसं असेल तर मला फार वाईट वाटेल, आणि तसं असू शकतं. की शेठना नाव शमीम म्हणून सांगितलं तर ते तोंड कसं करतील, ते तुला बघायचं नव्हतं? सोपानशेठ तसे नाहीत. पण ते तसे नाहीत हे मला नऊ वर्षांनी माहीत आहे, तुला त्या सकाळी कुठून माहीत असणार? की तुला माझी दया आली? ते सगळ्यांत वाईट. ह्यांचं काम गेलेलं तसं तुमचंही दुकान गेलेलं होतं. मला न विचारता मला एवढं मोठं काही देऊन टाकायचा तुला काय अधिकार होता? मी काही घेतलंय हेच मला माहीत नाही, तर मी परत काय आणि कशात घालून करणार होते?

मी यास्मिनला विचारलं, अम्मी माझ्या भाकरीबद्दल घरी काही बोलायच्या का. ती चटकन म्हणाली, "म्हणायच्या ना. वैनींची भाकरी लई सुधारली."

सुधारली. हा शब्द मी कालपासून चघळतेय. गंमत अशी, की तो खरा आहे.

कदाचित तू काहीच ठरवलं नसशील. क्षण गेला आणि तू गप्प राहिलीस, आणि एकदा गप्प राहिलं की पुढं गप्पच राहावं लागतं. हे मला आता समजतंय, कारण गेले दोन दिवस मीही गप्प आहे. गुरुवार गेला की शुक्रवार, मग शनिवार. 'घाला नाव' म्हटलं की झालं. कुणाला कळणार नाही. ज्या एकीला माहीत होतं ती हसून हसून निघून गेली.

*

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. पुढचं आज, बुधवारी लिहितेय.

शनिवारी दुपारची गर्दी सरली तेव्हा मी सोपानशेठना बोर्डासमोर नेलं आणि फराटे दाखवले. माझी एक भाकरी आणून शेजारी धरली. ते आळीपाळीनं बघत राहिले. मग म्हणाले, "आयला."

मग म्हणाले, "मंगलताई, ती बाई गेली बिचारी. आता कुणाला काय फरक पडतोय?"

मी म्हणाले, "मला पडतोय."

"बरं, मग सोपं हाय. तुमच्या हातची एक करा मस्त. नवा फोटो काढू, नाव तुमचं घालू. खोटं काय राहिलं?"

खरंच काही राहत नव्हतं. मी केली. मन लावून केली. तुझ्यापेक्षा गोल झाली, शमीम, कडा पातळ, पापुद्रा टम्म फुगलेला. शेठनी मोबाइलवर फोटो काढून मला दाखवला. चांगला होता. आणि तो बघताना मला दिसलं, की हा फोटो वर गेला की तू खाली येणार, आणि तू होतीस हे सांगणारं या रस्त्यावर काहीच उरणार नाही. एक पिशवी होती, ती कंपनीनं परत मागवली.

"जुनाच घाला," मी म्हणाले. "नाव नको."

"आन् मग तिचं नाव घालू का?"

तू स्वतः नऊ वर्षं जे सांगितलं नाहीस, ते मी रस्त्यावर टांगू का? तुला आवडलं असतं की तू खिडकीतून शिव्या घातल्या असत्यास? मला खरंच ठाऊक नाही. मी म्हणाले, कुणाचंच नको. शेठ कुरकुरले, लोक विचारतील भाकरी कुणाच्या हातची. मी म्हणाले, विचारू देत.

छापणारा म्हणाला, ताटावरचं नावही कॉम्प्युटरवर पुसता येईल. मी म्हणाले, ते राहू दे. ताट माझंच होतं.

आज सकाळी नवा बोर्ड चढला. दुपारी पुण्याहून आलेली एक बाई पार्सलसाठी खिडकीत आली. वर बघून म्हणाली, "या फोटोतली भाकरी तुम्हीच केलेली का?"

नऊ वर्षांची सवय. तोंडातून "हो" गेलं. तिनं पार्सल उचललं, ती गाडीकडे निघाली. मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून पिठाच्या हातांनी बाहेर धावले. "ओ ताई, थांबा, थांबा जरा!"

ती दचकली. पैसे कमी दिले असं तिला वाटलं असावं. मी तिला तिथंच उन्हात सगळं सांगितलं, ताट, दुरडी, फराटे, डावा हात. ती बोर्डाकडे बघत ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "पण मग तुमच्या मैत्रिणीनं तेव्हाच सांगितलं का नाही?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं. आता जो विचारेल त्याला हेच सांगणार आहे, एवढं तरी ठरलं.

मग तिच्या हातातलं पार्सल परत मागून घेतलं, फॉइल काढलं आणि भाकरी कागदात बांधून दिली. आत आले तर तव्यावरची करपून कोळसा झाली होती. खिडकीत कुणी नव्हतं. मीच म्हणाले, "वैनी, वास येतोय."